घरातली यंत्रे : संगणक बंद केला, पंखा मात्र फिरतोच

चांदवडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घराच्या पुढच्या खोलीत त्या लोकांचे अर्ज भरून देण्याचे काम करतात. शिष्यवृत्तीचे, पीकविम्याचे, हजच्या दिवसांत हजचे. सलामनंतर त्या लिहितात की, महिनाभरापासून त्यांचा संगणक बंद केला तरी आतला पंखा थांबत नाही. पडदा काळा होतो, पण डब्यातून घूं घूं आवाज चालूच राहतो. सासूबाई म्हणतात, रात्री आग लागेल. मुलगा म्हणतो, अम्मी, तो गरम झालाय, थंड झाला की आपोआप थांबेल. आणि एका मेकॅनिकने फोनवरच सांगून टाकले की मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल. शेवटी त्या रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करून झोपतात. यांच्यापैकी कोणाचे खरे मानायचे, असे त्यांनी विचारले आहे.

सासूबाईंची काळजी आम्हाला मुळीच हसण्यासारखी वाटत नाही. मुलाचे म्हणणे चुकीचे आहे, पण का चुकीचे ते समजून घेण्यासारखे आहे. मेकॅनिकबद्दल एवढेच म्हणतो की, डबा न उघडता मदरबोर्डाचे नाव घेणे फार घाईचे झाले. ज्या संगणकावर घर चालते त्याचा मदरबोर्ड बदलायचा म्हणजे पैसे तर जातातच, शिवाय दोन-चार दिवस काम बंद पडते. जुन्या यंत्राला जुळणारा बोर्ड मिळाला नाही तर प्रोसेसर आणि मेमरीही बदलायची पाळी येते. म्हणून त्या वाटेला जाण्याआधी काही चाचण्या घरीच करून पाहाव्यात. त्यांना एक रुपयाही लागत नाही.

आधी मुलाचे म्हणणे. राहूड घाट चढून आलेली मोटार चांदवडला थांबवली, चावी काढून घेतली, तरी बॉनेटखाली पंखा मिनिटभर फिरत राहतो, हे पुष्कळांनी ऐकले असेल. तो पंखा विजेवर चालतो आणि तापलेले पाणी निवेपर्यंत फिरावा अशीच त्याची रचना असते. शाळा-कॉलेजातल्या दिव्याच्या प्रोजेक्टरचेही तसेच आहे. बटण दाबल्यावर पंखा काही वेळ चालतो, आणि तो थांबण्याआधी वायर उपटली तर महागाचा दिवा लवकर जातो. संगणकाचे मात्र तसे नाही. संगणक खरोखर बंद झाला की प्रोसेसरचे काम त्याच क्षणी थांबते, उष्णता तयार होणे संपते आणि पंखेही थांबतात. काही थोड्या पॉवर सप्लायमध्ये बंद झाल्यावर मिनिटभर पंखा फिरवण्याची सोय असते, पण मिनिटभरच. पाच-दहा मिनिटांनीही पंखा चालू असेल तर तो संगणकाला थंड करत नसून संगणक बंदच झालेला नाही, असे समजावे.

मग बंद करण्याचे बटण दाबले, त्याचे काय झाले? इथे थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. १९९५च्या आधीच्या डब्यांत (ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो, तो डबा) पुढचे बटण खरोखरच वीज तोडणारे असायचे, घरातल्या दिव्याच्या बटणासारखे. विंडोज ९५ वापरलेल्या अब्बांना आठवत असेल, काळ्या पडद्यावर केशरी अक्षरांत आता यंत्र बंद करायला हरकत नाही असा संदेश यायचा आणि मग आपण हाताने बटण दाबायचो. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची नवी रचना आणली. तेव्हापासून पुढचे बटण वीज तोडत नाही, ते फक्त मदरबोर्डाला खूण करते. मदरबोर्ड विंडोजला विचारतो, विंडोज आपले आवरून होकार देते, आणि मग मदरबोर्ड पॉवर सप्लायला एका बारीक तारेवरून सांगतो की आता मोठा प्रवाह थांबव. या निरोपांच्या साखळीत कुठेही अडले की पडदा काळा होतो आणि पंखा फिरत राहतो. पडदा बंद करण्याचे काम आधी उरकलेले असते, वीज तोडण्याचे बाकी राहते.

याच रचनेमुळे संगणक व्यवस्थित बंद असतानाही आत पाच व्होल्टचा एक लहान प्रवाह जागा असतो. माउसखालचा लाल दिवा, मदरबोर्डावरचा एखादा हिरवा ठिपका, नेटवर्कच्या वायरीजवळचा लुकलुकणारा दिवा, हे सगळे त्या प्रवाहावर चालते. त्यात बिघाड काही नाही. त्याचा खर्चही किरकोळ, एकदोन वॅट. पंखा फिरत राहिला तर मात्र हिशेब वेगळा होतो. बंद न झालेला साधा डेस्कटॉप ५० वॅट खातो असे धरले तर रात्रीच्या १० तासांत अर्धा युनिट आणि महिन्याला १५ युनिट निघतात.

आता चाचण्या. सगळ्यात आधी कोणता पंखा फिरतो आहे ते पाहावे. हे सांगायला विचित्र वाटते, पण आवाज पुष्कळदा शेजारच्या यूपीएसचा किंवा इन्व्हर्टरचा असतो आणि दोष संगणकाला मिळतो. कागदाची बारीक पट्टी डब्याच्या मागच्या जाळ्यांसमोर धरावी. वारा असेल तिथे ती हलते. (ओढणी किंवा दुपट्टा जवळ नेऊ नका, आणि आत बोट तर नाहीच.) वायर लागते तिथे वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात पॉवर सप्लायचा पंखा असतो, मेकॅनिक ज्याला एसएमपीएस म्हणतात. दुसरा डब्याचा, आणि आतमध्ये प्रोसेसरवरचा तिसरा. सगळे फिरत आहेत की एकटा एसएमपीएसचा, हे लिहून ठेवावे. पुढे कामाला येते.

त्याचबरोबर डब्यावरचा हार्ड डिस्कचा लहान दिवा पाहावा. तो लुकलुकत असेल तर यंत्र अजून काहीतरी लिहीत आहे. महिन्यातून एकदोनदा विंडोज अपडेट बसवते, आणि जुन्या संगणकावर त्याला अर्धा तासही लागू शकतो. पडद्यावर तशी सूचना असते, पण कित्येक घरांत शटडाउनवर क्लिक केले की लगेच मॉनिटरचे बटण बंद करायची सवय असते, मग सूचना दिसणार कशी? अशा वेळी भिंतीवरचे बटण बंद करणे म्हणजे कोणी लिहीत असताना हातातली वही ओढून घेण्यासारखे आहे. कधी काही होत नाही, कधी दुसऱ्या दिवशी विंडोज उघडतच नाही. ज्यांच्या यंत्रात इतरांची कागदपत्रे आहेत त्यांनी तर हे टाळावेच. दिवा शांत आहे, दहा-पंधरा मिनिटे झाली आणि पंखा तरी चालू, अशी स्थिती असेल तर पुढे जावे.

पुढची चाचणी सोपी आहे आणि आमच्या मते सगळ्यांत उपयोगाची. २०१२ मध्ये विंडोज ८ आले, तेव्हापासून त्यात फास्ट स्टार्टअप नावाची एक सोय आहे. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून शटडाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर उतरवून ठेवते आणि सकाळी तीच परत उचलते. म्हणजे आपण शटडाउन म्हणतो ते अर्धे शटडाउन आणि अर्धी झोप असते. एखादे ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, नेटवर्क, ग्राफिक यांच्याशी विंडोजचे बोलणे करून देणारा लहान प्रोग्रॅम, या प्रकाराला नीट जुळले नाही तर यंत्र मधेच अडकते. आपल्याकडे ही सोय चालू आहे का ते पाहायचे असेल तर सकाळी संगणक सुरू केल्या केल्या टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि अप टाइम वाचा. रोज रात्री यंत्र नीट बंद होत असूनही तिथे पाच-सहा दिवस दिसत असतील तर समजा, यंत्र पूर्ण बंद होतच नव्हते. मात्र भिंतीवरचे बटण बंद करून वीज तोडत असाल तर हा आकडा रोज नव्याने सुरू होईल, मग त्यावर विसंबू नका.

चाचणी अशी. कीबोर्डवरची शिफ्ट दाबून धरा आणि तशीच धरून शटडाउनवर क्लिक करा. त्या वेळेपुरते विंडोज पूर्ण बंद होते. दोन-तीन रात्री असे करून पाहा. शिफ्ट धरली की पंखा थांबतो आणि न धरता थांबत नाही, असे दिसले तर मदरबोर्डाला काहीही झालेले नाही. मग कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू, तिथे वरच्या बाजूला चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल, आणि खाली टर्न ऑन फास्ट स्टार्टअप या ओळीसमोरची खूण काढून सेव्ह करा. सकाळी संगणक सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील. तेवढ्या वेळात चहाला उकळीही येत नाही.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट तपासून घ्या. पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावे याची यादी तिथेच असते. तिथे स्लीप निवडलेले असेल आणि तुम्ही डब्यावरचे बटण दाबून संगणक बंद करत असाल, तर तो बंद होत नसून झोपतो आहे.

शिफ्टनेही पंखा थांबला नाही तर दोष विंडोजचा की यंत्राचा, हे ठरवणारी एक चाचणी आहे. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ हे बटण टिचकत राहिले की बायॉसचे पान उघडते. (कंपनीप्रमाणे बटण बदलते. सुरुवातीच्या पडद्यावर खाली लिहिलेले असते.) तिथे काहीही बदलू नका. नुसते डब्यावरचे पॉवर बटण एकदा दाबा. इथे विंडोज मधे नाही, त्यामुळे निरोपांची साखळी अगदी लहान असते आणि यंत्र लगेच बंद व्हायला हवे. पंखे झटकन थांबले तर मदरबोर्ड आणि एसएमपीएस दोघेही आपले काम करत आहेत, दोष विंडोजमध्ये किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये आहे. २०१५ मध्ये विंडोज १० आल्यावर काही लॅपटॉपांवर नेमके असेच झाले होते. इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिन नावाच्या भागाचे नवे ड्रायव्हर बसले आणि लॅपटॉप बंद होईनासे झाले. जुने ड्रायव्हर परत बसवले की ते बंद होऊ लागले. म्हणून ड्रायव्हर घ्यायचे ते आपल्या मॉडेलचा नंबर पाहून, यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून. फुकट ड्रायव्हर शोधून देणारे प्रोग्रॅम मिळतात, त्यांना घरात घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि बायॉसमध्येही पंखे थांबले नाहीत तर? मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. चार-पाच सेकंदांनी यंत्राने सक्तीने बंद व्हायलाच हवे. तेही झाले नाही तर खरोखर आतल्या भागांपैकी कोणीतरी आजारी आहे. अजूनही मदरबोर्ड म्हणण्याची घाई नको. प्रिंटर, अंगठ्याचे ठसे घेणारे यंत्र, स्कॅनर, यूएसबीचा हब, सगळ्या वायरी काढा आणि पुन्हा पाहा. ज्या हबला स्वतःचा वेगळा अडॅप्टर असतो त्यातले काही हलके हब यूएसबीतूनच उलटी वीज संगणकात सोडतात. त्यामुळे बंद यंत्रात दिवे मिणमिणतात, क्वचित पंखाही हळूहळू फिरतो. अर्ज भरण्याच्या ठिकाणी अशी लटांबरे बरीच असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

इथपर्यंत येऊनही पंखा फिरतो आहे, तर डबा मेकॅनिककडे न्यावा आणि त्याला एक चाचणी आपल्यासमोर करायला सांगावी. वीज तोडून एसएमपीएसमधून मदरबोर्डाला जाणारा २४ पिनांचा मोठा कनेक्टर काढायचा, आणि मग एसएमपीएसला पुन्हा वीज द्यायची. मदरबोर्ड जोडलेला नसताना त्याला सुरू हो म्हणणारे कोणी नाही. तरीही त्याचा पंखा फिरला तर दोष एसएमपीएसचा, आणि तो मदरबोर्डापेक्षा बराच स्वस्तात बदलता येतो. नाही फिरला, तर मदरबोर्डच त्याला चालू राहायला सांगतो आहे. हे सगळे दोन मिनिटांचे काम आहे. आणि मदरबोर्डकडे बोट गेले तरी त्याला आधी डब्यातून बाहेर काढून पाहायला सांगावे. बोर्डाखाली निसटलेला एखादा स्क्रू, पालीची विष्ठा, मेलेले झुरळ, पावसाळ्यात ओल धरलेली धुळीची जाळी, यांतले काहीही दोन टोके एकमेकांना जोडू शकते. महामार्गाच्या कडेच्या आणि कांद्याच्या गाड्यांच्या गावात डब्यात किती धूळ साचते हे आम्ही वेगळे सांगायला नको. साफ करून परत बसवल्यावर यंत्र सरळ झाले तर नव्या बोर्डाचे पैसे वाचतात. कपॅसिटर म्हणजे ते उभे नळकांडे, त्यांची डोकी फुगलेली असतील तर मात्र बोर्डाचे वय झाले आहे.

एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये, हे इथेच सांगतो. वीज काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा दाब काही काळ राहू शकतो. घरातल्या हौशी मुलांना हे नीट बजावून ठेवा.

आता सासूबाईंच्या काळजीकडे. पंखा फिरतो आहे म्हणून आग लागत नाही. उलट यंत्र अर्धवट चालू असताना पंखा फिरतो हेच बरे. भीती आहे ती दुसऱ्या खुणांची. जळाल्याचा किंवा तापलेल्या प्लॅस्टिकचा वास, एसएमपीएसमधून चरचर आवाज, एक्स्टेन्शन बोर्डावर काळा डाग, हाताला चटका बसेल इतका गरम प्लग. यांपैकी काही दिसले तर चाचण्या राहू द्या, अपडेट राहू द्या, भिंतीवरचे बटण ताबडतोब बंद करा. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचे अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. त्याचा पंख्याशी संबंध नाही, पण वायरमनला बोलवायला ते कारण पुरेसे आहे.

लॅपटॉपच्या बाबतीत आम्ही जास्त कडक आहोत. चांदवडला नेमिनाथ जैन संस्थेच्या इंजिनिअरिंग कॉलेजात येणारी मुले-मुली लॅपटॉप बॅगेत घालून एसटीने ये-जा करतात. झाकण मिटले म्हणजे लॅपटॉप बंद झाला असे नाही, बहुधा तो झोपलेला असतो. अपडेटसाठी किंवा एखाद्या निरोपासाठी तो बॅगेत जागा होतो, पंखा फिरतो, पण हवा जायला जागाच नसते. बॅटरीला ही ऊब सोसत नाही. ती फुगली की कीपॅड वर उचलला जातो, मग ती बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. बॅगेत ठेवण्याआधी शटडाउन करावे आणि हवा येते त्या फटीवर हात ठेवून पंखा थांबल्याची खात्री करावी. लॅपटॉप अडकूनच बसला तर चार्जर काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरावे. पुष्कळ लॅपटॉप त्याने ताळ्यावर येतात.

एक वेगळा प्रकार याच तक्रारीत मिसळला जातो. संगणक नीट बंद होतो, पंखा थांबतो, आणि रात्री दोन वाजता आपोआप सुरू झालेला आढळतो. घरात उगीच जिन्न-भुतांच्या गोष्टी सुरू होतात. वीज जाऊन आली होती का, ते आधी विचारा. बायॉसमध्ये वीज परत आल्यावर काय करावे अशी एक नोंद असते, साधारणपणे रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस या नावाने. तिथे पॉवर ऑन असेल तर वीज आल्याबरोबर यंत्र सुरू होते. ती नोंद पॉवर ऑफ करून ठेवली की झाले.

राहिला रोजच्या बटणाचा प्रश्न. पंखे थांबल्यावर भिंतीवरचे बटण बंद करायला काहीच हरकत नाही. वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या की प्लगच काढावा आणि इंटरनेटची वायरही काढावी, कारण वीज त्या वाटेनेही आत येते. मात्र रोज बटण बंद केले की मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी, जी घड्याळ चालू ठेवते, ती लवकर संपते. मग सकाळी तारीख चुकलेली दिसते आणि सरकारी संकेतस्थळे उघडतच नाहीत, कारण तारीख जुळल्याशिवाय ती सुरक्षित जोडणी देत नाहीत. अर्ज भरणाऱ्यांनी अशा वेळी इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती बॅटरी सीआर २०३२ या नावाने घड्याळाच्या दुकानातही मिळते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी शिफ्टची आणि बायॉसची चाचणी करून दोन्हींचे निकाल एका चिठ्ठीवर लिहावेत. मेकॅनिककडे जायची वेळ आलीच तर आधी सगळ्या कागदपत्रांची प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्यावी आणि चिठ्ठी डब्याला चिकटवून द्यावी. भाग बदलला तर जुना भाग परत मागावा. आणि यंत्र घेऊन निघण्याआधी त्याच्या टेबलावरच ते एकदा सुरू करून, शटडाउन करून, पंखा थांबेपर्यंत तिथेच उभे राहावे.